हळू बोल, आंके जेवतेय

फ्रिडोलिन कुब्ली घरात कुजबुजला, तरी रस्त्यापलीकडच्या पाववाल्याला कळायचं की कुब्लींकडे आज जेवायला काय आहे. माणूस भला, पण आवाज खाणीतला. बेचाळीस वर्षं त्यानं चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडवले. सुरुंगांनी डोंगर पोखरला आणि जाता जाता त्याचे कानही पोखरले. डोंगराचं सगळ्यांना दिसत होतं. कानांचं मात्र सगळ्या गावाला माहीत असून त्याला एकट्याला मान्य नव्हतं.

"मला चांगलं ऐकू येतं," तो म्हणायचा. "लोकांनाच हल्ली तोंड उघडून बोलायचा कंटाळा येतो."

दोन वर्षांपूर्वी बायकोनं, रेगुलानं, त्याला जवळजवळ धरून नेऊन कानाचं मशीन करून आणलं. ते त्यानं बरोबर एक जेवणभर घातलं. काटा ताटलीला घासला तो आवाज थेट डोक्यात शिरला, तेव्हा तो ताडकन उठला आणि मशीन काढून स्वयंपाकघराच्या खणात टाकलं. तिथं सुतळीची गुंडी होती, अर्ध्या मेणबत्त्या होत्या आणि बूच उघडायचं हत्यार होतं. त्या संगतीत ते दोन वर्षं सुखानं पडून राहिलं.

रेगुलानं हळूहळू बोलणंच सोडलं. म्हणजे त्याच्याशी बोलायचं ते ती मोठ्यानं बोलायची, आणि उरलेलं पाठ फिरवून, बटाटे सोलता सोलता, स्वतःशी पुटपुटायची. बिनधास्त पुटपुटायला इतकं सुरक्षित घर साऱ्या खोऱ्यात दुसरं नसेल. ती काय वाटेल ते बोलायची आणि फ्रिडोलिन शेजारी बसून शांतपणे पेपर वाचायचा. संसार उत्तम चालला होता.

शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली त्या वर्षी रेगुलानं दोन गिनीपिग आणली होती. एक लोण्याच्या रंगाची, तिचं नाव आंके. दुसरी करडी, तिचं नाव झीगर. आंके म्हणजे लोणी आणि झीगर म्हणजे आमच्याकडचं ते उग्र वासाचं हिरवं चीज. दोन्ही एकत्र कालवून पावाला फासतात, म्हणून जोडीला जोडीचं नाव. फ्रिडोलिननं त्यांच्यासाठी शिवणाच्या खोलीत लाकडाचं ऐसपैस कुंपण बांधलं, आत दोन दारांचं घर केलं आणि त्या घराला हौसेनं एक खिडकीही कोरली. पण कारागिराच्या नशिबी ती खिडकी लांबूनच बघायचं आलं. तो उंबऱ्यावर आला की दोघी गवतात गडप.

"तू दारातूनच बघ," रेगुला सांगायची. "तू आलास की त्यांच्या छातीत धडकी भरते."

"मी काय ससाणा आहे?" तो विचारायचा. त्यावर रेगुला पाठ फिरवून काहीतरी पुटपुटायची.

त्या ऑक्टोबरात रेगुलाच्या खुब्याचा सांधा बदलला. दवाखान्यानंतर तीन आठवडे तिला दुसऱ्या गावी एका आरोग्यधामात राहायचं होतं, चालायचा व्यायाम करायला. जाताना तिनं सगळं कागदावर लिहून ठेवलं: गवत किती, पाणी केव्हा बदलायचं, बडीशेपेचा पाला कितीसा. फ्रिडोलिन कागदाप्रमाणे वागला. आरोग्यधामातल्या तिच्या नवव्या दिवशी सकाळी झीगर लाकडी घरात मरून पडलेली सापडली.

साडेसहा वर्षांची होती. त्या जातीला म्हातारपणच ते. कुणाची चूक नव्हती. त्यानं तिला सफरचंदाच्या झाडाखाली पुरलं आणि दुपारी रेगुलाचा फोन आला तेव्हा सांगितलं. फोनवर त्याला ऐकू यायचं, कारण फोनचा आवाज रेगुलानं शेवटपर्यंत वाढवून ठेवला होता.

"झीगर गेली!" तो ओरडला. "झोपेतच गेली! मी नीट पुरलंय!"

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "आंके काय करतेय?"

"बसलीय!"

"एकटी नको ठेवूस तिला. लांडोल्टबाईंना फोन कर, त्या जोडीदार देतील." तिचा आवाज चिरकला. "मी येईपर्यंत तिला जगव, फ्रिडली. दुसरं काही नको मला. घरात पाऊल टाकलं आणि ती खोली रिकामी दिसली तर मला नाही सोसणार."

चाळीस वर्षांत रेगुलानं त्याच्याकडे असं काही मागितलं नव्हतं. ती मागण्यातली बाईच नव्हे. 

आमच्या देशात एकटं गिनीपिग पाळायला कायद्यानंच बंदी आहे. कळपातलं जनावर, एकटं पडलं की झुरतं. कायदा शहाणपणाचा, पण त्यात एक गोम आहे. दोघांतलं एक मेलं की उरलेल्यासाठी दुसरं आणायचं. मग जुनं मरतं आणि नवं एकटं उरतं, त्याच्यासाठी पुन्हा नवं. सत्तरीच्या माणसांनी या रहाटातून सुटायचं कसं? त्यावर शेजारगावच्या लांडोल्टबाईंनी तोड काढली होती. त्या जोडीदार भाड्यानं देत. तुमचं जनावर आहे तोवर त्यांचं तुमच्याकडे, नंतर परत. वीस वर्षं त्या हेच करत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वेताची टोपली घेऊन दारात उभ्या राहिल्या. टोपलीत पांढऱ्याकाळ्या केसांचा एक गोळा थरथरत होता.

"हा बाल्झ," लांडोल्टबाई म्हणाल्या. "सध्या हाच घरी आहे, बाकी सगळे कामावर गेलेत. मनाचा चांगला आहे, पण भित्रा. आधीच्या घरी मुलांनी त्याला चेंडूसारखा वापरला. वरून हात आला की अर्धमेला होतो. तेव्हा खाणं ठेवायचं आणि बाहेर व्हायचं. चार दिवस त्या खोलीत गरजेपुरतंच जा, आणि जाल तेव्हा हळू. कळलं ना?"

वीस वर्षं घाबरट जनावरांत काढली की माणसाचा आवाज मऊ होतो. लांडोल्टबाईंचा तर लोकरीसारखा झाला होता. फ्रिडोलिनला त्यातलं निम्मं कळलं, आणि उरलेल्या निम्म्याला त्यानं मान डोलावली. "हो, हो!" ऐकू न आलेल्या माणसाइतकं मनापासून 'हो, हो' कुणीच म्हणत नाही.

बाई गेल्या. फ्रिडोलिननं कुंपणाशी उभं राहून विचार केला. आमच्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं की शेजारीपाजारी जाऊन बसतात. रडू देतात, गप्पा मारतात, घर खायला उठू देत नाहीत. आंकेचं तर सख्खं माणूस गेलं होतं, आणि वर घरात परका पुरुष येऊन बसला होता. अशा वेळी तिला एकटं सोडणं त्याला माणुसकीला धरून वाटेना. त्यानं स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली, कुंपणाला अगदी चिकटवून ठेवली आणि बसला.

तो सकाळी सातला बसे आणि अंधार पडल्यावर उठे. तो तिच्याशी बोलला. खाणीतल्या कड्याची गोष्ट सांगितली, लग्नात बँडवाला पडला ती सांगितली, रेगुलाचा खुबा आता किती अंश वाकतो तेही सांगितलं. बोलून घसा बसला की खिडकीत रेडिओ लावून ठेवी, अकॉर्डियनची गाणी, करमणूक म्हणून. आणि हे सगळं तो कुजबुजत करत होता. म्हणजे त्याच्या मते.

आंके लाकडी घरातून बाहेर आली नाही. बाल्झ तिच्यामागे दडून बसला होता. फ्रिडोलिननं हौसेनं कोरलेल्या खिडकीतून त्याचं फक्त नाक दिसे. गवत होतं तसं. पाला सुकून काळा पडला. लांडोल्टबाईंची अट होती की दोघांचं रोज वजन करायचं. स्वयंपाकघरातला काटा होता, पण जनावर काट्यावर यायला हवं. त्यानं खाणीतले कातडी हातमोजे चढवले, चावली तर काय घ्या, आणि वरून हात घालून आंकेला उचललं. तिचं तोंड उघडलेलं त्याला दिसलं. त्यातून निघालेला आवाज त्याला आला नाही.

पहिल्या दिवशी नऊशे दहा ग्रॅम. दुसऱ्या दिवशी आठशे सत्तर. तिसऱ्या दिवशी आठशे पस्तीस.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं तिला पेटीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दात पाहिले, पोट दाबून पाहिलं. "दुखणं काही नाही," त्या म्हणाल्या, आणि त्याची मुद्रा पाहून आवाज चढवून पुन्हा म्हणाल्या, "दुखणं नाही! घाबरलीय किंवा झुरतेय! यांच्या पोटात सतत काहीतरी जावं लागतं! ही पूड पाण्यात कालवून सिरिंजनं भरवा. उद्या संध्याकाळपर्यंत आपण होऊन खायला लागली नाही तर घेऊन या. पण मग मी शब्द देत नाही."

ही बुधवारची गोष्ट. गुरुवारी डोंगरावरून तो गरम वारा सुटला, ज्यानं गाईंपासून गावच्या कारकुनापर्यंत सगळ्यांची डोकी फिरतात. खिडक्यांच्या झडपा आपटत होत्या. फ्रिडोलिननं सकाळपासून तीनदा आंकेला भरवायचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा पेज तिच्या छातीवर आणि त्याच्या बाहीवर गेली, पोटात थेंब नाही. ती त्याच्या हातमोज्यात लाकडासारखी ताठ झाली होती. दुपारी रेगुलाचा फोन आला.

"खाते ना रे ती?"

"ठीक आहे!" तो ओरडला.

"खरं सांग."

"ठीक आहे म्हटलं ना!"

त्यानं फोन ठेवला आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसला. बायकोशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.  सुरुंग पेटला नाही तर कितीदा तो स्वतः जाऊन बघून आला होता, पण एवढीशी लोण्याच्या गोळ्याएवढी गोष्ट त्याच्या हातात मरत होती आणि त्याला काही करता येत नव्हतं. "ऐक गं आंके," तो म्हणाला, "थोडं खा. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी खा. मी तिला काय सांगू? तूच सांग, काय सांगू?"

तेवढ्यात त्याच्या खांद्यावर हात पडला. मागे लांडोल्टबाई उभ्या होत्या. दुपारी त्या बाल्झला बघायला येणार होत्या, हे तो विसरलाच होता.

त्या काहीतरी बोलल्या. त्यानं मान डोलावली. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग रेडिओकडे, मग खुर्चीकडे, मग काळ्या पडलेल्या पाल्याकडे. रेडिओ बंद केला आणि त्याला बाहीला धरून स्वयंपाकघरात आणलं.

"अहो कुब्ली," त्या त्याच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मला पुलापासून तुमचा आवाज येत होता. मला वाटलं, घरात भांडण चाललंय."

"भांडण? मी समजूत घालत होतो तिची!"

"ओरडून?"

"मी कुठं ओरडतोय?" फ्रिडोलिन ओरडला.

स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला पितळी चमचा थरथरला. लांडोल्टबाईंनी त्या चमच्याकडे बोट दाखवलं. मग विचारलं, "किती वेळ बसता तिथं?"

"सकाळपासून. रोज. एकटं वाटायला नको तिला."

लांडोल्टबाई त्याच्या कानाशी खुर्ची ओढून बसल्या. हसावं की रडावं त्यांना कळेना. "कुब्ली, ती झुरत नाहीये. तिला जोडीदार मिळालाय, दोघं एकमेकांना चिकटून बसलीत, मी बघितलं. ती उपाशी आहे, कारण तुम्ही उठतच नाही! यांच्या डोक्यावर कुणी बसलं असताना ही जात जेवत नाही. तुम्ही चार दिवस त्यांच्या ताटाशी गर्जना करत बसलायत."

फ्रिडोलिनचा चेहरा पडला. तो वाद घालायला तोंड उघडून बसला होता, ते त्यानं मिटलं. चार दिवस त्यानं डोळ्यांत तेल घालून जिची राखण केली, तिला मारत होता तो तोच. 

"मला कळत नाही हो," तो म्हणाला. "मी हळूच बोलतो. मला तरी तसंच वाटतं."

"तुम्हाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही," लांडोल्टबाई म्हणाल्या. "कानाला लावायचं काही आहे का घरात?"

फ्रिडोलिननं खणाकडे पाहिलं. एखाद्या मुलानं लपवलेल्या काचेच्या तुकड्यांकडे पाहावं तसं. मग उठला, खण ओढला, सुतळी बाजूला केली. जादा बॅटऱ्यांच्या पाकिटाचा कागदही फाडलेला नव्हता. लांडोल्टबाईंनी बॅटरी बसवली, त्यानं दोन्ही कानांत मशीन घातलं आणि डोळे गच्च मिटून घेतले, सुरुंगाआधी मिटायचा तसे.

"झालं का?" त्यानं विचारलं, आणि दचकून मागे पाहिलं. कुणीतरी त्याच्या मागे येऊन ओरडलं होतं.

मागे कुणी नव्हतं.

"हा... मी होतो?"

लांडोल्टबाईंनी मान डोलावली.

 घड्याळ टिकटिक करत होतं. त्याला वाटत होतं ते कधीचं बंद पडलंय. नळ ठिबकत होता. बाहेर झडपा आपटत होत्या, आणि या सगळ्यांतून पलीकडच्या खोलीतून एक बारीक आवाज येत होता, सुक्या शेंगा हलवल्यासारखा.

"तो कसला आवाज?" त्यानं विचारलं. या वेळी त्यानं स्वतःला ऐकलं आणि शेवटचा शब्द अर्धा गिळला.

"बाल्झचे दात. तो दात वाजवून तुम्हाला सांगतोय, लांब राहा. चार दिवस सांगत असणार बिचारा."

"आणि मी त्याला बँडवाल्याची गोष्ट सांगत होतो," फ्रिडोलिन म्हणाला.

मग लांडोल्टबाईंनी त्याला शिकवलं. बूट काढायचे. खुर्ची नाही, जमिनीवर बसायचं. उभा माणूस म्हणजे त्यांच्या हिशेबी घिरट्या घालणारा पक्षी. हातमोजे अजिबात नाहीत. हात धुवायचे आणि तेच गवत थोडं हातावर चोळायचं. हात वरून कधी न्यायचा नाही, बाजूनं, जमिनीवरून, आणि थांबायचं. उचलायचंच झालं तर एक तळवा छातीखाली, दुसरा बुडाखाली, आणि लगेच आपल्या छातीशी धरायचं, म्हणजे पडण्याची भीती वाटत नाही. "आणि ऐकायचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलायचं नाही. ती काय सांगते ते ऐकायचं."

तो जमिनीवर बसला तेव्हा त्याचे गुडघे कडकडले. तेही त्यानं ऐकलं आणि ओशाळून लांडोल्टबाईंकडे पाहिलं.

एकदा तरी पोटात काही जायलाच हवं होतं. लांडोल्टबाईंनी पेज कालवली. फ्रिडोलिननं उघडा हात गवतावरून हळूहळू सरकवला. बाल्झ दात वाजवत मागच्या दारानं पळाला. आंके पळाली नाही. तिच्यात तेवढी ताकदच उरली नव्हती. त्यानं एक तळवा तिच्या छातीखाली घातला, दुसरा खाली, आणि तिला उचलून सदऱ्याशी धरलं. तिच्या तोंडून एक बारीक, तुटका आवाज निघाला. एवढासा. चार दिवस ती हातमोज्यात हाच आवाज काढत होती, याहून मोठा, आणि त्याला फक्त उघडं तोंड दिसत होतं.  "चुकलो गं," असं त्याला म्हणायचं होतं, पण तो बोलला नाही. नुसता श्वास घेत बसला.

बऱ्याच वेळानं ती सैल पडली. लांडोल्टबाईंनी सिरिंज तिच्या ओठांच्या कडेला लावली. एक थेंब बाहेर आला, दुसराही, आणि तिसऱ्या थेंबाला तिची जीभ हलली.

अर्धी सिरिंज गेल्यावर त्यांनी तिला परत ठेवलं. बाल्झपुढे ताजा पाला टाकला. "आता उठा," लांडोल्टबाई म्हणाल्या. "चला."

स्वयंपाकघरात दोघं गप्प बसली. खोलीचं दार बोटभर उघडं होतं. लांडोल्टबाईंनी कॉफी केली ती कुणीच प्यायली नाही. वारा पडायला लागला होता. फ्रिडोलिन दोन्ही हात टेबलावर ठेवून दाराकडे कान लावून बसला होता, आयुष्यात कधी बसला नव्हता तसा. अर्धा तास गेला. मग त्याला ते ऐकू आलं. कुरूकुरू, कुरूकुरू. थांबलं. पुन्हा कुरूकुरू, आणि त्याच्या जोडीला दुसरं, जरा जाड, कुरूकुरू.

"दोघं," तो म्हणाला. खरंच कुजबुजला. "दोघं जेवतायत."

लांडोल्टबाईंनी कान दिला आणि मान डोलावली. फ्रिडोलिननं खिशातून भलाथोरला रुमाल काढला आणि नाक शिंकरलं, आणि त्या आवाजानं स्वतःच उडाला. आतलं कुरूकुरू थांबलं. दोघांनी श्वास रोखला. मग ते पुन्हा सुरू झालं, आणि जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्याला त्या स्वयंपाकघरात कळलं.

सहा वाजता फोन वाजला. रेगुलाला दुपारपासून चैन नव्हतं. त्यानं फोन उचलला, कानाला लावला, आणि एकदम हातभर लांब धरला.

"फ्रिडली? आहेस का?"

"आहे," तो म्हणाला. हळू. अगदी हळू.

 मग रेगुलाचा आवाज आला, इतका पोकळ की त्यानं तो कधी ऐकला नव्हता. "गेली ना? सांग. गेली ना आंके?"

"नाही! अगं नाही!" तो घाईनं म्हणाला. "जेवतेय. दुपारपासून दोनदा जेवली. आता बाल्झच्या तोंडातला पाला ओढून घेतेय."

"मग तू असा का बोलतोयस?"

"कसा?"

"कुणी मेल्यासारखा! मला वाटलं... देवा रे, फ्रिडली!  तू कधी असा बोलतोस का? चाळीस वर्षांत?" आणि ती रडायला लागली, मग हसायला लागली, मग दोन्ही. आरोग्यधामात तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईनं पाणी आणून दिलं, ते त्याला ऐकू आलं. पेला टेबलाला लागल्याचंही ऐकू आलं.

त्यानं तिला सगळं सांगितलं. खोटं बोललो होतो तेही सांगितलं. मशीनचं तेवढं सांगितलं नाही. माणसाला थोडी तरी अब्रू हवी.

पुढचे दहा दिवस तो सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास जमिनीवर बसला, बाकी वेळ त्या खोलीकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आंकेनं त्याच्या तळहातावरून पान ओढलं. पाचव्या दिवशी ती त्याच्या मांडीवर बसली आणि त्यानं कानामागे एका बोटानं खाजवलं तेव्हा तिच्या पोटातून बारीक गुरगुर आली, शिवणयंत्र लांबच्या खोलीत चालावं तशी. वजन आठशे नव्वद. बाल्झ भलता हट्टी. आठ दिवस दात वाजवत राहिला. नवव्या दिवशी सकाळी त्यानं फ्रिडोलिनच्या करंगळीचा वास घेतला, विचार केला, आणि करंगळी सोडून तिच्याशेजारचं पान खाल्लं. फ्रिडोलिनला त्या दिवशी सगळ्या गावाला ओरडून सांगावंसं वाटलं. त्यानं फक्त पाववाल्याला सांगितलं, तेही काउंटरवर वाकून, आणि पाववाला घाबरून म्हणाला, "कुब्ली, बरं वाटत नाही का तुम्हाला?"

शनिवारी रेगुला आली. भाचा गाडीतून सोडून गेला. दोन काठ्यांवर ती अंगणातून, ओसरीतून, सरळ शिवणाच्या खोलीपर्यंत गेली. कोट काढायलाही थांबली नाही. दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थबकली.

फ्रिडोलिन मोजे घालून जमिनीवर बसला होता. मांडीवर आंके होती, पुढे गवतात बाल्झ होता, आणि दोघं एकाच पानाची दोन टोकं धरून ओढत होती.

"अरे, हे काय!" रेगुला सवयीनं ओरडली.

फ्रिडोलिननं तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोल," तो म्हणाला. "आंके जेवतेय."

रेगुलानं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कानांकडे पाहिलं. कानामागच्या त्या करड्या गोष्टी तिनं स्वतः निवडल्या होत्या, त्याच्या केसांना जुळतील अशा.  आंकेनं मान वर केली, तिचा वास घेतला आणि कुईक करून अशी लांब शीळ घातली की बाल्झही घाबरून शीळ घालायला लागला. रेगुला काठ्यांवर टेकून उभी राहिली आणि डोळे पुसले, मग वळून स्वयंपाकघरात गेली.

ती कॉफीचं भांडं धुवायला लागली. पाण्याची धार होती, पाठ दाराकडे होती. घर तिचंच होतं, सवय जुनी होती.

"दोन वर्षं घसा फोडला मी," ती भांड्याशी पुटपुटली. "बायकोसाठी नाही घातलं. दीड वितीच्या जनावरासाठी घातलं. गाढव आहे नुसता." धार बंद झाली. ती जरा थांबली आणि त्याहून हळू म्हणाली, "पण ओस घरात यावं लागलं नाही मला. जीव लावलाय मेल्यानं."

"ऐकलं," शिवणाच्या खोलीतून आवाज आला.

रेगुलाच्या हातातून चमचा सिंकमध्ये पडला. इतक्या वर्षांचं सगळं पुटपुटणं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि ती मानेपासून लाल झाली.

"काय ऐकलंस?" तिनं विचारलं. "पहिलं की दुसरं?"

"दोन्ही," फ्रिडोलिन हळूच म्हणाला.